सत्तार पेंटरची किनार

अब्दुल सत्तार पेंटर यांना मी फारसं ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. दोन वर्षं आम्ही एका खोलीत, एका टेबलाला लागून बसलो. मी त्यांच्या डाव्या हाताला. त्यांच्या घरी मात्र मी दोनदाच गेलो, आणि दुसऱ्यांदा गेलो तो मयतीला. त्यांना कोणती भाजी आवडायची, तरुणपणी ते कुठे कुठे फिरले, घरी बायकोशी, हमिदाभाभींशी, कसे बोलायचे, यातलं मला काही माहीत नाही. मला माहीत होता तो त्यांच्या कॉम्प्युटरचा पडदा. तो रोज माझ्या नजरेसमोर असायचा. त्यात सगळं दिसत होतं, तरी मला कळलं नाही.

त्यांची मुलगी नगमा अमरावतीला राजापेठेत असते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. म्हणाली, "अंकल, अब्बा दिवसभर त्या कॉम्प्युटरवर काय करत होते ते आम्हाला कधी नीट कळलंच नाही. तुम्ही लिहून द्या ना." मी चाळीस वर्षं मुलांना निबंध लिहायला लावले. स्वतः एकही लिहिला नाही. आता ब्याऐंशीव्या वर्षी लिहायला बसलो आहे.

अकोटमध्ये बाजार समितीच्या मागच्या गल्लीत एका संस्थेनं शेतकऱ्यांसाठी सल्ला केंद्र काढलं होतं. साल दोन हजार पाच. ती वर्षं कशी होती, शेतकरी कसे जीव देत होते, ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. केंद्रात रोज पेपर यायचा. प्राजक्ता नावाची शेतकी पदवीची मुलगी तिथे सल्ला द्यायला होती. ती सकाळी आली की पहिल्या पानाची बाजू खाली करून पेपर टेबलावर ठेवायची. कोणी तो सरळ करून वाचत नसे. मी शाळेतून निवृत्त झालेला, म्हणून मला नोंदवही लिहायला बसवलं होतं. आलेल्या माणसाचं नाव, गाव, पीक आणि तक्रार.

केंद्राची पाटी रंगवायला सत्तारभाई आले. अकोटमधली निम्मी दुकानं त्यांच्या अक्षरांनी ओळखली जायची. मराठी, उर्दू, हिंदी, तिन्ही लिपींत त्यांचा हात सारखा चालायचा. पण गावात फ्लेक्सचं मशीन आलं होतं आणि त्यांच्या जुन्या पाट्यांवरच फ्लेक्स ठोकले जात होते. आमची पाटी त्यांनी दोन दिवस घेऊन रंगवली. पहिला अख्खा दिवस नुसती किनार काढण्यात गेला. खडूत बुडवलेला दोरा ताणून चारी बाजूंना रेघ पाडली, मग त्या रेघेवर कापसाच्या बोंडांची वेल. मी म्हटलं, "अक्षरं कधी?"

"गुरुजी, बोर्डाले आंधी किनार, मंग अक्षर," ते म्हणाले. "किनार नसली तं अक्षर कुठं थांबावं हेच त्याले समजत नाई. पोरासारखं हाय थे."

पाटी झाली आणि सत्तारभाई तिथेच राहिले. त्याचं कारण कॉम्प्युटर.

तो कॉम्प्युटर अमरावतीच्या एका कॉलेजातले श्याम सर घेऊन आले होते. जुनाच होता. त्यांनी त्यात लिनक्स नावाची प्रणाली घातली. "हे फुकट आहे, कोणाची चोरी नाही," त्यांनी सांगितलं, "आणि मराठीत चालतं. शिवाय पडद्यावरचं जे काही आहे ते तुम्हाला हवं तसं बदलता येतं. रंग, चित्रं, अक्षरं, पट्ट्या, सगळं."

सत्तारभाई कोपऱ्यात ब्रश धूत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "सगळं म्हंजे? भिंतही माही अन् रंगही माहा?"

"हो काका."

"अन् कोनी येऊन वरून फ्लेक्स नाई ठोकनार?"

श्याम सर हसले. सत्तारभाई हसले नाहीत. त्यांनी हात पुसले आणि खुर्ची ओढून बसले. तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. माऊस त्यांनी ब्रशसारखा तीन बोटांत धरला, आणि शेवटपर्यंत तसाच धरला.

पहिलं वर्ष कसं गेलं ते आठवलं की अजून बरं वाटतं. श्याम सर महिन्यातून एकदा यायचे आणि सत्तारभाई त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडायचे. आलेल्या शेतकऱ्याला प्राजक्ता काय सांगते ते पिकाप्रमाणे कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलेलं असे. त्यातून चिठ्ठी छापून द्यायची. कोणती अळी, कोणतं औषध, फवारणीच्या एका पंपाला किती. पण निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं. मग सत्तारभाईंनी प्रत्येक पिकाचं चित्र काढलं. तुरीची शेंग, पऱ्हाटीचं म्हणजे कापसाचं बोंड, सोयाबीनचं पान, हरभऱ्याचा घाटा, संत्रं. श्याम सरांकडून शिकून तीच चित्रं त्यांनी पडद्यावर खुणा म्हणून लावली. तुरीच्या शेंगेवर दोनदा टिचकी मारली की तुरीची चिठ्ठी उघडायची. आणि छापलेल्या चिठ्ठीवर डाव्या कोपऱ्यात तेच चित्र यायचं.

ती चित्रं ज्या फोल्डरात ठेवायची त्याच्या नावाआधी एक टिंब द्यावं लागे. टिंब दिलं की ते फोल्डर दिसेनासं व्हायचं. सत्तारभाईंना त्याची मोठी गंमत वाटायची. "पाहा गुरुजी, एक टिकली लावली अन् पोरगी परद्यात गेली," असं म्हणून ते दोन बटणं दाबायचे आणि सगळी लपलेली फोल्डरं भराभर बाहेर यायची. मलाही त्यांनी ते शिकवलं. मी घाबरत घाबरत शिकलो.

पडद्याच्या पार्श्वभूमीला त्यांनी स्वतः चित्र काढलं होतं. फिकट पिवळा रंग आणि चारी कडांना बोंडांची वेल, आमच्या पाटीवर होती तशीच. पिकांची पाच चित्रं डाव्या बाजूला एकाखाली एक. वरची पट्टी विटकरी, खालची काळ्या मातीची. घड्याळ उजव्या कोपऱ्यात. बाहेरगावचे लोक मुद्दाम बघायला यायचे. चांदूर बाजारचा एक बागाईतदार तर म्हणाला, "पेंटर, आमच्या घरच्या टीवीले अशी किनार लावून द्या ना बुवा." सत्तारभाई म्हणाले, "लावतो. पन मंग बातम्याही मीच सांगीन."

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात किनार आत सरकली.

मी तारीख लिहून ठेवलेली नाही, पण नोंदवहीत त्या दिवशी मूग तोडणीची तक्रार होती, म्हणजे ऑगस्ट असावा. सकाळी पाहतो तर वेल पडद्याच्या कडेपासून बोटभर आत आली होती. तिच्या बाहेर नुसता काळा रंग. मी म्हटलं, "हे काय?"

"असंच. मोकळं मोकळं लागून राह्यलं होतं," ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी वेल आणखी आत आली. घड्याळ कोपऱ्यातून निघून मधोमध आलं. वरची आणि खालची पट्टी त्यांनी लपवून टाकली. डाव्या बाजूची पाच चित्रं एकमेकांना चिकटून पडद्याच्या मध्यावर आली, तूर वरून दुसरी, आणि एवढी लहान झाली की मला चष्म्यातूनही वाकून बघावं लागे. अक्षरंही बारीक केली. दसऱ्यापर्यंत सगळा पडदा काळा आणि मधे तळहाताएवढा एक चौकोन उरला. त्या चौकोनात किनार, घड्याळ आणि पाच पिकं दाटीवाटीनं बसलेली. विहिरीच्या तळाशी उजेड दिसावा तसं ते दिसायचं. येणारे लोक चेष्टा करायचे. "पेंटर, खर्च कमी केला का? पडदा आटला तुमचा!" ते म्हणायचे, "यंदा सगळंच आटलं भाऊ."

मला ते आवडत नव्हतं. का आवडत नव्हतं ते सांगता येत नाही. दुपारी लाईट गेली की आम्ही दोघं त्या बंद पडद्यासमोर बसून असायचो, आणि लाईट आली की तो चौकोन परत उजळायचा. तो दर वेळी आधीपेक्षा लहान वाटायचा. मी मनाशी म्हणायचो, कलावंत माणूस आहे, लहर आहे.

बाकीच्या गोष्टीही होत होत्या. मी डाव्या हाताला बसून बोललो की सत्तारभाई दचकायचे. "अरे, तुमी हाय का? कवा आले?" मी तासाभरापासून तिथेच असायचो. चहावाल्यानं डावीकडे ठेवलेला कप निवून जायचा. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा रोज त्याच जागी लागायचा. ते सायकलवर यायचे, ते पायी येऊ लागले. ही प्रत्येक गोष्ट मी पाहिली. माझ्या मनात त्या एका ओळीत कधी आल्याच नाहीत.

पोळ्याच्या आसपासची एक दुपार आहे. ती मला विसरता येत नाही. गिऱ्हाईक नव्हतं. सत्तारभाई पडद्याकडे बघतच म्हणाले, "गुरुजी, तुमचा मोतीबिंदू काढला, तवा पहिले काय दिसेनासं झालं?"

"धुकं यायचं," मी म्हटलं. "दुधातून बघितल्यासारखं."

"बाजूचं जात होतं का आंधी?"

"सगळंच जात होतं. का? तुम्हाला येतंय का धुकं?"

"धुकं नाई. पन काईतरी हाय. राती दिव्याभोवती रिंगन दिसते. तुमची भाभी म्हनते, डॉक्टरले दाखवा."

आणि मी, जो आयुष्यात कोणाला सल्ला द्यायला धजावलो नाही, ज्याला केंद्रात बसूनही कोणी अळी दाखवली तर प्राजक्ताकडे बोट दाखवावं लागायचं, त्या मी मोठ्या खात्रीनं सांगितलं, "आता जाऊन काय उपयोग? पिकू द्या. कच्चा मोतीबिंदू कोणी काढत नाही. माझा दोन वर्षं पिकवला. सीताफळासारखं आहे ते. जानेवारीत शिबिर लागतं, तेव्हा मी घेऊन जातो तुम्हाला. तिथं माझी ओळख आहे."

ओळख म्हणजे तिथल्या कंपाउंडरची पोरगी माझ्या वर्गात होती, एवढीच.

सत्तारभाईंनी मान हलवली. "बरं. पिकू देऊ मंग," म्हणाले. "पऱ्हाटीचा सीझनही होऊन जाईन तवरीक." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी गुरुजी होतो.

आपल्या भागात सगळे असंच म्हणायचे. माझ्या वडिलांनी असाच पिकवला, आईनंही. पण सगळे म्हणायचे म्हणून माझं बोलणं कमी होत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी चार दिवस आभाळ आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं दाबून बसलेलं आभाळ. तुरीवर अळी पडली आणि केंद्रावर रांग लागली. शुक्रवारी सत्तारभाई एक वाजता नमाजाला जायचे ते अडीचला परतायचे. त्या शुक्रवारी प्राजक्ताही खेड्यांवर गेली होती. खोलीत मी एकटा.

मला वाटलं, या माणसासाठी आपण काहीतरी करावं. त्यांचे डोळे अधू झाले आहेत आणि तरी हट्टानं अक्षरं बारीक ठेवतात. म्हाताऱ्या माणसाला मोठं लागतं, हे कोणाला माहीत नाही? मी त्यांच्या खुर्चीवर बसलो. त्यांनीच शिकवलेलं आठवून आठवून एकेक करत गेलो. अक्षरं मोठी केली, अगदी वीतभर वाटावीत अशी. पाचही चित्रं ओढून ताणून मोठी केली आणि आधी असायची तशी डाव्या कडेला एकाखाली एक लावली. क्रम मला आठवला नाही, जशी हाताला आली तशी लावली. काळा रंग आणि ती आक्रसलेली किनार काढून साधा हिरवा रंग टाकला. घड्याळ कोपऱ्यात पाठवलं. मग उठून लांबून पाहिलं. पडदा कसा भरलेला, ठसठशीत दिसत होता. मला मोठा आनंद झाला. मोठं काम उरकल्यासारखा मी हातपाय धुऊन आलो.

सत्तारभाई आले तेव्हा दहा-बारा माणसं थांबली होती. ते खुर्चीवर बसले आणि पडद्याकडे बघू लागले. मग मान आधी डावीकडे, मग उजवीकडे, सावकाश फिरवली. अनोळखी खोलीत शिरलेला माणूस फिरवतो तशी.

"याले हात कोनं लावला?" त्यांनी हळूच विचारलं.

मी बोलायला हवं होतं. पण माणसं बघत होती. लहान पोरासारखा मी नोंदवहीत डोकं घालून बसलो.

"पेंटर, आटपा ना. आभाळ पाहा कसं हाय," रांगेतून कोणी म्हणालं.

"हो, हो. बसा."

त्यांनी काम सुरू केलं. आता कळतं की त्यांनी ते कसं केलं असेल. एवढी मोठी चित्रं त्यांच्या नजरेत मावतच नव्हती. त्यांना नुसता हिरव्या रंगाचा तुकडा दिसत असणार, पान की शेंग ते कळत नसणार. म्हणून ते मोजून चालले. वरून दुसरी तूर. त्यांच्या पडद्यावर ती दुसरीच होती. माझ्या पडद्यावर दुसरी पऱ्हाटी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाराम आला. जवळच्याच खेड्यातला, नेहमी येणारा, तोंडाळ माणूस. दारातूनच ओरडला, "पेंटर, आमाले मारून टाकता का बावा?"

"काहून? काय झालं?"

पुंजारामनं चिठ्ठी टेबलावर आपटली. "मले वाचता येत नाई म्हनून काय झालं? बोंड अन् शेंग तं समजते ना मले! तुरीले मांगतली अन् पऱ्हाटीची देल्ली. पंपात औषध ओताच्या आंधी चिठ्ठी खिशातून काढली म्हनून पायलं. हे पऱ्हाटीचं औषध तुरीवर मारलं असतं, थेही एवढं जहाल, तं तूर तं गेलीच असती, मीबी गेलो असतो."

प्राजक्तानं चिठ्ठी उचलली. तिचा चेहरा उतरला. चित्र होतं डाव्या कोपऱ्यात. सत्तारभाईंनी स्वतः काढलेलं, स्वतःच्या हातानं छापलेलं आणि स्वतःच्या हातानं दिलेलं.

"आणखी किती गेल्या अशा?" तिनं विचारलं.

नोंदवहीतून मी नावं काढली. पुंजाराम सोडून तुरीवाले अकरा. प्राजक्ता आणि मी दिवसभर फोन करत, निरोप धाडत, एसटीच्या ड्रायव्हरांच्या हाती चिठ्ठ्या देत राहिलो. आभाळामुळे दहा जणांनी फवारा मारला नव्हता. एकानं मारला होता, त्याला उलट्या झाल्या आणि तो वाचला. संध्याकाळी शेवटचा निरोप परत येईपर्यंत सत्तारभाई त्या खुर्चीवर बसले नाहीत. भिंतीला टेकून उभे होते.

तेव्हा मी सांगितलं. म्हणालो, पडदा मी बदलला. तुम्हाला बरं दिसावं म्हणून.

 सत्तारभाई म्हणाले, "मोठं केलं ना गुरुजी, की मले कमी दिसते. लहान केलं की पुरं दिसते. मले वाटलं, हे मले एकट्यालेच समजून राह्यलं."

प्राजक्तानं ते ऐकलं आणि ती उठली. तिच्या आजीला डोळ्यांचं असंच काही होतं म्हणे. तिनं सत्तारभाईंना खुर्चीवर बसवलं, म्हणाली, "चाचा, माझ्या नाकाकडे बघा. डोळे हलवायचे नाहीत. बोट दिसलं की सांगा." आणि दोन्ही हात लांब पसरून तिनं बोटं हळूहळू आत आणायला सुरुवात केली.

मी बाजूला उभा होतो. बोटं खांद्यापर्यंत आली. सत्तारभाई गप्प. कानाच्या रेषेत आली. गप्प. मला वाटलं, आता म्हणतील. गालाजवळ आली.

"चालू कर ना बेटा," ते म्हणाले. "कवा आनतं बोट?"

प्राजक्ताचे हात तिथेच थांबले. डावं बोट जवळजवळ त्यांच्या नाकासमोर आल्यावर ते म्हणाले, "हां. आलं."

सोमवारी मी त्यांना अमरावतीला घेऊन गेलो. नगमा दवाखान्यात आली होती. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून, यंत्राला हनुवटी टेकवून खूप वेळ तपासलं. मग म्हणाले, "हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि बाजूची नजर आधी जाते. गेलेली परत येत नाही. आहे ती थेंबांनी राखायची." आणि कागद लिहिता लिहिता विचारलं, "तीन महिन्यांपूर्वी आला असतात तर डाव्या डोळ्याचं पुष्कळ वाचलं असतं. थांबलात कशासाठी?"

मी जमिनीकडे बघत होतो. आता ते माझं नाव घेणार, असं वाटलं.

"सीझन होता साहेब, पऱ्हाटीचा," सत्तारभाई म्हणाले.

नगमा, हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. म्हणून आता लिहिलं.

त्यानंतर ते केंद्रात येत राहिले. पडदा मी पूर्ववत करायला बसलो, पण ती किनार मला जमेना. तेच माझ्या शेजारी बसून सांगायचे, मी माऊस धरायचो, आणि शेवटी कंटाळून तेच हातात घ्यायचे. पुन्हा काळा पडदा, मधे तळहाताएवढा चौकोन, तूर वरून दुसरी. छापलेल्या चिठ्ठीवर चित्र आता मधोमध यायचं, आणि चिठ्ठी आधी मी पाहायची, मग ती द्यायची असं ठरलं. सकाळी अन् रात्री थेंब. संध्याकाळी पाच वाजता मी त्यांच्या डाव्या बाजूनं चालत त्यांना चौकापर्यंत सोडायचो. वाटेत ते जुन्या पाट्या दाखवायचे. "हा बोर्ड माहा. हाही. फ्लेक्स फाटला तं खालून माहंच अक्षर निघते, पाहा." मी बघून सांगायचो, हो, निघालं आहे. कधी कधी निघालेलं नसायचं.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात त्यांना तपासणीसाठी अमरावतीला जायचं होतं. पाचची एसटी. तेव्हा आमच्याकडे लाईट दिवसातून आठ-आठ तास जायची. त्या दिवशी ती अकराला गेली आणि पावणेपाचला आली. खोलीत पंधरा माणसं बसून होती, काही जण सकाळपासून. सगळ्यांना गावी परतायचं होतं. प्राजक्ता औषधांची माहिती सांगण्यात गुंतलेली. चिठ्ठ्या कोणीतरी काढायलाच हव्या होत्या.

सत्तारभाई एकटे निघाले. चौकाच्या अलीकडे जिनिंगकडे जाणारा कापसाचा ट्रॅक्टर डावीकडून आला. ड्रायव्हर पोलिसांना पुन्हा पुन्हा सांगत होता की म्हातारा सरळ समोर पाहून चालत होता, आपण हॉर्न वाजवला, पण त्यानं मान वळवली तेव्हा उशीर झाला होता. तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही.

मी तेव्हा त्यांच्या खुर्चीवर बसून नऊ नंबरची चिठ्ठी छापत होतो.

त्याआधी, निघताना त्यांनी पिशवी घेतली, थेंबाची बाटली खिशात आहे का ते चाचपून पाहिलं आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर त्यांचा चौकोन उजळला होता.

"येतो सोडायला चौकापर्यंत?" मी विचारलं.

"मानसं बसली हाय ना गुरुजी. यायले सोडून कुठं येता?"

"मग उद्या येता ना?"

"उद्या कसा येतो? परवा. नगमा ठेवून घेईन एक दिवस. तूर कितवी?"

"दुसरी. वरून दुसरी."

"हां. अन् बाकी कशाले हात लावजा नका."

"नाही लावत."

"चला मंग," ते म्हणाले, "गाडी लागली असंन."